पाण्यातला कान आणि मोटरची खरखर

रेडिओवर बातम्या चालू आहेत आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, की काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मध्यम लहरींवर खरखर उमटते. त्यात निवेदकाचा दोष नाही, रेडिओचाही नाही. मोटरच्या विजेतून निघालेला गोंगाट रेडिओच्या कानात शिरलेला असतो. आज जी गोष्ट सांगायची आहे ती हीच. फक्त ती पाण्यावर घडते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली मासेमारी मुख्यतः साठवलेल्या पाण्यातली. माकणीचे निम्न तेरणा धरण घ्या, परंडा तालुक्यातले सीना-कोळेगाव घ्या, नाहीतर नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा तलाव घ्या. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडायचे आणि वाढलेली मासळी जाळ्याने काढायची. पण तळाशी काय आहे ते वरून दिसत नाही. बुडालेल्या बाभळीचा एखादा खुंट, एखाद्या जुन्या विहिरीचा कठडा; जाळे त्यात अडकले की फाटलेच म्हणून समजा, आणि जाळे काही फुकट येत नाही. शिवाय पाणी सारखे उतरत असते. दिवाळीत तीन पुरुष खोल असलेली जागा चैत्रात कमरेइतकी होते. तेव्हा नावेवर मासळी शोधणारे यंत्र, म्हणजे फिश फाइंडर, बसवावे असे कोणाच्याही मनात येईल.

हे यंत्र करते काय? आडात तोंड घालून हाक मारली की हाक परत येते, तेच. यंत्राची एक लहानशी डबी पाण्यात असते. तिला ट्रान्सड्यूसर म्हणतात. आत एक खास वडी असते. विजेचा झटका दिला की ती थरथरते, आणि आवाज आदळला की स्वतःच वीज देते. हा गुण फ्रान्समधल्या क्यूरी बंधूंनी १८८०-८१ साली दाखवून दिला, आणि जपानमधल्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली त्यावर मासेमाऱ्याला वापरता येईल असे यंत्र केले. डबी सेकंदाला दोन लाख कंपनांचा आवाज सोडते. आपल्या कानाची धाव वीस हजारांपर्यंतच. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. दहा मीटर खोल तळावरून तो परत यायला सेकंदाचा सत्तरावा भागसुद्धा लागत नाही. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यावरून आवाज चांगला उलटतो, म्हणून मासा पडद्यावर उमटतो.

आता खरी अडचण. परत येणारा आवाज फार क्षीण असतो, म्हणून यंत्राचा कान फार तिखट ठेवलेला असतो. आणि त्याच नावेवर बॅटरीची मोटर, जिला ट्रोलिंग मोटर म्हणतात, तीस-चाळीस अँपिअर खेचत असते! वेग कमीजास्त करण्यासाठी आजच्या पुष्कळ मोटरी हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. त्या तोडजोडीचा गोंगाट पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पाडतो. मग माणूस वैतागून कानाचा तिखटपणा कमी करतो. ठिपके जातात, आणि त्यांच्याबरोबर मासेही जातात. हा उपाय मला तरी पटत नाही.

डबी मोटरच्या पाण्यातल्या धडाच्या खालच्या अंगाला बसवा, पंख्यापासून दूर. होज क्लिप वापरा आणि क्लिपखाली रबराची पट्टी द्या. मोटर पाण्यात सोडल्यावर डबीचे तोंड थेट तळाकडे हवे. जमिनीवरच पाणसळ लावून पाहून घ्या. आवाजाचा झोत साधारण वीस अंशांचा असतो, म्हणजे दहा मीटरवर जेमतेम साडेतीन मीटरचे वर्तुळ. डबी तिरपी झाली की ते वर्तुळ भलतीकडेच पडते. डबीची तार दांड्याला पट्ट्यांनी बांधत वर आणा, मोटर वळेल आणि उचलेल एवढी ढील वर ठेवा. मोटरच्या जाड तारांना तिचा विळखा नको. ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडा. उरलेली तार कापू नका. लांब घडी करून मोटरपासून दूर ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे यंत्राला बॅटरी वेगळी द्या. फवारणीच्या पंपात असते तशी १२ व्होल्टची लहान बॅटरी पुरते. पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच फ्यूज बॅटरीजवळ घाला.

एवढे करूनही ठिपके आले तर? नाव काठाला बांधा आणि मोटर हळूहळू वाढवत न्या. मधल्या वेगाला ठिपके दाट आणि पूर्ण वेगाला एकदम नाहीसे, असे झाले तर दोष विजेचा. कारण पूर्ण वेगाला प्रवाह तोडावाच लागत नाही. वेगाबरोबर ठिपके वाढतच गेले तर पंख्याने उठवलेल्या बुडबुड्यांचा संशय घ्या आणि डबीची जागा बदला. विजेचा दोष ठरला तर डबीची तार यंत्रातून काढून पाहा. तरी ठिपके राहिले तर गोंगाट बहुधा बॅटरीच्या वाटेने येतो आहे. गेले तर डबीच्या तारेतून येत होता, ती मोटरच्या तारांपासून आणखी लांब न्या.

शिक्षक मंडळींना हा प्रयोग वर्गातल्या मुलांना काठावरच दाखवता येईल. मध्यम लहरी घेणारा एक लहान ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावा, मोटर मंद चालू ठेवा, आणि तो रेडिओ तारांच्या कडेने फिरवा, पंख्यापासून मात्र हात लांब. जिथे खरखर वाढेल तिथून डबीची तार नेऊ नका. जिथे ती विझेल, तिथून न्या.