मेलवर आलेली फाइल उघडत नाही? आधी नावाची शेपटी पाहा

संध्याकाळपर्यंत निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे आहे, मेलवर फाइल आली आहे आणि नेमकी तीच उघडत नाही. अशा वेळी कार्यकर्ते दोन चुका करतात. एकतर त्याच फाइलवर दहा वेळा क्लिक करतात, नाहीतर ‘कोणतीही फाइल उघडून देतो’ म्हणणारे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतात. दुसरी चूक जास्त महागात पडू शकते.

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरे असतात, ती फाइल कशात तयार झाली हे सांगतात. विंडोज ही अक्षरे बहुधा लपवून ठेवते. फोल्डर उघडून ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, म्हणजे ती दिसतील.

जयंतीच्या बॅनरची फाइल शेवटी ‘सीडीआर’ असेल तर ती कोरलड्रॉची आहे. ते सॉफ्टवेअर आपल्याकडे नसते, म्हणून डिझायनरकडून पीडीएफ मागवा. ‘डॉकएक्स’ वर्ड २००७ पासून आले; संगणकात वर्ड नसेल तर मोफत मिळणारे लिबरऑफिस चालते. नाव ‘विनमेल डॉट डॅट’ असेल तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मूळ फाइल त्यात गुंडाळली आहे. मेल साध्या मजकुराच्या स्वरूपात पुन्हा पाठवायला सांगा. ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना अनेक जण इथेच अडकतात.

आपल्याकडचा खरा त्रास मात्र वेगळा आहे. फाइल उघडते, पण मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. डीटीपी सेंटरमध्ये मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो आणि तो फॉन्ट आपल्या संगणकात नसतो. फाइल बिघडलेली नसते, त्यामुळे सगळे पुन्हा टाइप करत बसू नका. टाइप करणाऱ्यालाच पीडीएफ करून द्यायला सांगा. मजकुरात बदल करायचे असतील तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, पण नंतर जोडाक्षरे आणि माणसांची नावे एकदा वाचून पाहा.

मेलमध्ये फाइल ३ एमबी दिसते आणि उतरवल्यावर ३०० केबी भरते, तर डाउनलोड अर्धवट झाले आहे. पुन्हा उतरवा.

काही फाइली मात्र उघडण्याचा हट्टच करू नये. ‘यादी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी दुहेरी शेपटी असलेली फाइल यादी नसते, तो प्रोग्राम असतो. वर्डची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल तर तिथेच थांबा.

भीमा कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या संगणकाबद्दल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने दिलेला अहवाल २०२१ मध्ये बाहेर आला. ओळखीच्या माणसाच्या मेल खात्यावरून १३ जून २०१६ रोजी एक दस्तऐवज उघडण्याचा पुन्हा पुन्हा आग्रह झाला आणि त्यातून संगणकात हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले, असे त्यात म्हटले आहे. एनआयएने हा दावा मान्य केलेला नाही. मेल ओळखीच्या पत्त्यावरून आला म्हणून फाइल ओळखीच्या माणसानेच पाठवली, असे धरून चालता येत नाही. शंका आली तर मेलला उत्तर देऊन विचारू नका. त्या खात्यावर दुसराच बसला असेल तर उत्तरही तोच देईल. सरळ फोन लावा.