मदत पैशाची, आधार माणसाचा : कर्वेनगरच्या नावामागची गोष्ट

पुण्यात कोथरूडहून वारज्याकडे जाताना कर्वेनगर लागते. आज इथे सोसायट्या आहेत, दुकाने आहेत, कॉलेजला जाणाऱ्या मुलींची गर्दी आहे. या वस्तीचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. जुनी माणसे अजूनही नुसते 'हिंगणे' म्हणतात. नुसत्या शेतांच्या या गावाला कर्वे यांचे नाव का मिळाले, हे आपल्या मुलांना विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. म्हणून आज ती गोष्ट आपण समजून घेऊ. ती दुसऱ्या समाजातली असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या घरातलाही आहे. अडचणीतल्या माणसाला आधी काय लागते, पैसा की माणूस?

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 चा. लहानपण दापोलीजवळच्या मुरुडमध्ये गेले. (हे मुरुड जंजिऱ्याचे नव्हे, हर्णैच्या बाजूचे. आपल्या कोकणी वाचकांना ते चांगले ठाऊक असेल.) घरची परिस्थिती बेताची होती. 1891 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. त्याच वर्षी त्यांची पत्नी वारली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांना एखादी लहान मुलगी सहज करून दिली गेली असती. पण 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. पुढे त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या लग्नाबद्दल मुरुडच्या लोकांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले.

त्या वेळी उच्चवर्णीय हिंदू घरांत विधवेचे हाल काय होते, हे थोडक्यात सांगायला हवे. डोक्यावरचे केस काढायचे, शुभकार्यात पुढे यायचे नाही, घरातल्या एका कोपऱ्यात राबत राहायचे. यांतल्या कितीतरी मुली दहा-बारा वर्षांच्याच होत्या. खात्यापित्या घरातल्या विधवेला दोन वेळचे अन्न मिळत असे. तिच्याशी माणसासारखे बोलणारे मात्र घरात कोणी नसे. कर्वे यांनी हे ओळखले आणि 1896 मध्ये अशा स्त्रियांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला.

सहा एकर आणि साडेसातशे रुपये

1900 मध्ये हा आश्रम हिंगण्याला आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला 750 रुपये दिले. त्या काळी ही मदत मोठी होती, आणि ती देणाऱ्याचे नाव आज सव्वाशे वर्षांनंतरही घेतले पाहिजे.

पण पुढचा हिशेब पाहा. 750 रुपयांत झोपडी झाली. त्या झोपडीत राहणाऱ्या मुलींना लिहायला-वाचायला कोण शिकवणार? रात्री कोणी आजारी पडली तर उशाशी कोण बसणार? 'माझ्या पायगुणाने नवरा गेला' असे मनात घेऊन आलेल्या मुलीच्या डोक्यातून ती गोष्ट कोण काढणार? ही कामे पैशाने होणारी नव्हती.

कर्वे फर्ग्युसनमध्ये 1914 पर्यंत शिकवत होते. म्हणजे दिवसभर कॉलेज आणि त्यानंतर आश्रम. तेव्हा हिंगण्याला धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल असायचा. कॉलेजचे तास संपले की ते पायी हिंगण्याला जायचे आणि तिथल्या स्त्रियांना शिकवायचे. आम्ही शिक्षक आहोत, दिवसभर वर्गात उभे राहिल्यावर संध्याकाळी पायांची काय अवस्था होते हे आम्हाला माहीत आहे. त्यानंतर मैलोन्मैल चालत जाऊन पुन्हा पाटी हातात घ्यायची, ही गोष्ट पगार देऊन कोणाकडून करून घेता येत नाही.

तसेच पार्वतीबाई आठवले यांचे. त्या बाया कर्वे यांच्या बहीण. तरुणपणीच विधवा झाल्या आणि त्यानंतर शिकल्या. आश्रमाच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. आश्रमात नवी आलेली मुलगी त्यांच्याकडे पाहायची तेव्हा तिला आपल्यासारखीच एक विधवा दिसायची, जी उभी राहिली होती. एखाद्या श्रीमंत देणगीदाराला पाहून तिला हा धीर आला नसता.

1916 मध्ये कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले, तेही मोजक्या विद्यार्थिनींवर. मोठी देणगी आली ती 1920 मध्ये. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ 15 लाख रुपये दिले. आज आपल्याही कितीतरी मुली ज्या एसएनडीटी विद्यापीठात शिकतात, त्याच्या नावात त्यांची आई नाथीबाई यांचे नाव आहे. इथे क्रम लक्षात घ्या. आधी वीस-चोवीस वर्षे माणसे राबली, मग पैसा आला. काम उभे आहे, माणसे खरी आहेत, हे दिसल्यावर पैसा आपल्या पायाने चालत आला.

आपला दीन काय सांगतो

आपल्याला ही शिकवण नवी नाही. जकात फर्ज आहे. निसाबइतकी मालमत्ता असणाऱ्याने वर्षाला तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के काढायचाच. त्यात सूट नाही. पण याच दीनने देण्याची रीतही सांगितली आहे. सूरह बकरामध्ये 263 आणि 264 या आयतींचा आशय असा की, ज्या दानानंतर घेणाऱ्याचे मन दुखावले जाते त्यापेक्षा गोड शब्द आणि माफी बरी, आणि उपकार बोलून दाखवले की दान वाया जाते. विचार करा, पैसे खिशातून गेले, समोरच्याचे पोटही भरले, तरी अल्लाहकडे खात्यात काही नाही. का? तर देताना जीभ सांभाळली नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. त्यांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही त्यानेही सदका करावा, आणि आपल्या भावाकडे हसून पाहणे हासुद्धा सदका आहे, ही त्यांची शिकवण मदरशातले लहान मूलही सांगते. म्हणजे सहानुभूतीचा दरवाजा गरिबालाही तेवढाच उघडा आहे.

आपल्या घरात काय चालते

विधवेचे दुसरे लग्न आपल्याकडे जायज आहे, केस काढण्याची प्रथा आपल्यात नाही. हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात वर्दळ असते. खाला येतात, फुफी येतात, डबे येतात. इद्दत संपली की हळूहळू वर्दळ आटते. रमजानमध्ये जकातीचे पाकीट येते, कधी रेशनचे किट येते. मग पुढच्या रमजानपर्यंत दारावर कोणी नाही. मुलाच्या शाळेचा फॉर्म कोण भरणार, बँकेत नाव बदलायला तिच्यासोबत कोण जाणार, सासरचे घर खाली करायला सांगतात तेव्हा तिच्या बाजूने कोण बोलणार? पाकिटात या प्रश्नांचे उत्तर नसते.

त्यातून हल्ली फोटोची साथ आली आहे. किट देताना फोटो, शिलाई मशीन देताना फोटो, वह्या देताना फोटो. तो फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि तिच्या मुलाच्या वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवरही पोहोचतो. आम्ही वर्गात हे पाहतो. मदत मिळालेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येते ते मान खाली घालून. वही नवी असते, पण ती बाहेर काढायची त्याला लाज वाटते.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत 25 टक्के जागा गरीब मुलांसाठी राखीव आहेत. फी सरकार भरते. पण बाकावर शेजारी कोण बसणार, डबा कोण वाटून खाणार, वाढदिवसाला कोण बोलावणार, हे कायदा ठरवू शकत नाही. ते आपली मुले ठरवतात, आणि मुले घरात पाहून शिकतात.

कोरोनात शिकलेला धडा

2020 मध्ये आपल्या पुण्याने हे डोळ्यांनी पाहिले. पैसेवाल्या घरांतही मय्यतीला हात लावायला कोणी येत नव्हते. तेव्हा आपल्यातले तरुण पुढे आले. मुसलमानांना दफन केलेच, हिंदू आणि इतर धर्मांच्या मृतांनाही त्यांच्या त्यांच्या रीतीने निरोप दिला. त्या घरांना बिल भरणारा नको होता, खांदा देणारा हवा होता.

मग पैशाला किंमत नाही का? आहे. उपाशी माणसाला नुसते गोड बोलून पाठवणे ही सहानुभूती नव्हे, ती पळवाट आहे. औषधाला पैसे लागतात, फीला पैसे लागतात, हिंगण्याच्या झोपडीलाही साडेसातशे लागलेच. ज्याच्यावर जकात आहे त्याने ती द्यावीच. आमचे म्हणणे एवढेच की, पैसा मदतीची सुरुवात करून देतो, ती शेवटास माणूस नेतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. जकात देण्यासाठी रांग लावू नका, घरी जाऊन द्या आणि फोटो काढू नका. एका घराने एका यतीम मुलाची जबाबदारी घ्यायची तर फीसोबत महिन्यातून एकदा त्याची प्रगतिपुस्तिकाही पाहा. इद्दत संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्या बहिणीकडे आवर्जून जा, कारण तेव्हाच घर रिकामे झालेले असते. कागदपत्रांची माहिती असलेल्याने तिच्यासोबत एक दिवस बँकेत आणि तहसील कार्यालयात काढा. आणि ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने निदान सलाम करून खुशाली विचारावी.

ठाकरसींचे 15 लाख विद्यापीठाला नाव देऊन गेले, आणि ते योग्यच झाले. हिंगण्याला मात्र नाव मिळाले ते तिथे रोज चालत येणाऱ्या मास्तरांचे. 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि 1962 मध्ये, वयाच्या एकशे चारांनंतर, ते गेले. आपल्या मोहल्ल्यातही असे रोज चालत जाण्याजोगे एखादे घर नक्की आहे. ते कोणते, हे या जुम्याच्या आधी प्रत्येकाने आपल्या घरात बसून ठरवावे. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.