जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक: मोटार बदलण्याआधी रबर सरकवून बघा

मांजरसुंब्याला, धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला राहतो. धूळ आमच्या पाचवीलाच पुजलेली. माझ्या 20 वर्षं जुन्या गाडीचा मागचा डावा दरवाजा लॉक होईना, तेव्हा पहिला संशय मोटारीवरच गेला.

चारही दरवाजे बंद पडले असतील, तर आधी फ्यूज बघा, मग ड्रायव्हरच्या दरवाजातली मोटार. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये बहुतेक वेळा तिला 5 वायर असतात, कारण बाकीच्यांना इशारा तीच देते. इतरांना 2 पुरतात. एकच दरवाजा अडला असेल, तर बिजागरीजवळचं रबर मागे सारा. दरवाजा उघडमिट करून वायरीतलं तांबं तिथे आतल्या आत तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. माझं तेच निघालं. सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवली. नुसती टेप टिकत नाही.

मोटार तपासायची तर सॉकेट काढून 2 वायरींना 12 व्होल्ट क्षणभरच द्या, मग उलटे जोडा. दांडी दोन्हीकडे सरकली पाहिजे. लॅचमध्ये इंजिन ऑइल घालू नका, धूळ त्यात चिकटून बसते. जुना चिकटा पुसून पांढरं ग्रीस लावा. आणि दरवाजाच्या पॅनेलमागचा प्लास्टिक कागद परत नीट चिकटवाच, नाहीतर पावसाचं पाणी पॅनेलमध्ये झिरपतं.