पाहुणा जातो, किनारा राहतो

पर्यटनाने गावे समृद्ध होतात, हे विधान आपल्याकडे आता सुभाषितासारखे उच्चारले जाते. ते खोटे नाही. अपुरे मात्र निश्चित आहे. ही समृद्धी कोणाची आणि ती कोणत्या भांडवलावर उभी आहे, हे दोन प्रश्न त्यापुढे विचारले जात नाहीत. रायगड जिल्ह्यातील, श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे या प्रश्नांच्या विचारासाठी उत्तम उदाहरण ठरावे.

हे गाव काही पर्यटकांनी वसविलेले नाही. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, येथील ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. नारळ-सुपारीच्या वाड्यांवर शतकानुशतके जगलेल्या या गावात नोव्हेंबर १९९७ मध्ये एका वाडीतील जमिनीतून गणपतीचा सुवर्ण मुखवटा निघाला आणि प्रवाशांचा ओघ सुरू झाला. ओटीवरच्या खोल्या पाहुण्यांना मिळू लागल्या, उकडीच्या मोदकांना गिऱ्हाईक लाभले. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन मुखवटा पळविला. त्याची पुनःप्रतिष्ठापना व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडले. मधल्या काळात, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले आणि उभ्या वाड्या आडव्या झाल्या.

या दोन्ही आघातांचा अर्थ एकच आहे. गिऱ्हाईक एका हंगामात परत येते. पोफळ मात्र फळायला काही वर्षे घेते. या काळात वाडीवाल्याने खायचे काय? पुन्हा रोपे लावून वाट पाहावी, की त्याच जागेत खोल्या बांधाव्यात, असा हिशोब त्याच्यापुढे येतो आणि व्यक्तिशः पाहता दुसरा पर्याय शहाणपणाचा ठरतो. परंतु प्रत्येकाने तोच शहाणपणा केला, तर ज्या सावलीसाठी पाहुणा येतो ती सावलीच उरणार नाही. खोलीचे भाडे घरमालकाला मिळते. पाहुणा मात्र पैसे मोजतो ते वाडीच्या गारव्याचे, सुरूच्या बनाचे आणि मोकळ्या पुळणीचे. यांतील बन आणि पुळण तर कोणा एकाच्या मालकीचीही नाहीत. म्हणून त्यांच्या डागडुजीचा खर्च कोणाच्याच वहीत चढत नाही.

हॉलंडच्या झीलंड प्रांतातील डोम्बुर्ग हे असेच समुद्रकाठचे छोटे गाव. तेथेही पाहुण्यांवर उपजीविका चालते. पण वाळूच्या टेकड्या हा तेथे गावाचा बांध मानला जातो. वाळू धरून ठेवणारे गवत त्यांवर मुद्दाम लावतात आणि पायवाट सोडून कोणी तुडवू नये म्हणून कुंपण घालतात. फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात त्या देशात अठराशेहून अधिक माणसे दगावली. त्या देशाला हा धडा गिरवावा लागला तो अशा किमतीने. पाण्याचा बंदोबस्त पाहणारी, स्वतःचा कर वसूल करणारी मंडळे तेथे तेराव्या शतकापासून आहेत. शिवाय नगरपालिका मुक्कामी पाहुण्याकडून दर रात्रीमागे कर घेतात.

डच लोकांची श्रीमंती आपल्याजवळ नाही, हे खरे. परंतु वाळूच्या टेकडीवर गाडी चालू न देण्यास श्रीमंती लागत नाही. आपल्याही किनारा नियमन अधिसूचनेने २०११ पासून अशा टेकड्यांना सर्वांत संवेदनशील पट्ट्यात स्थान दिले आहे. उणीव आहे ती स्थानिक हिशोबाची. मुक्कामी पाहुण्याकडून अल्प रक्कम घ्यावी, ती वेगळ्या खात्यात ठेवावी, तिच्यातून सुरूची लागवड, कचऱ्याची विल्हेवाट आणि नवी पोफळ लावणाऱ्यास फळ धरेपर्यंत साहाय्य द्यावे, आणि जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. शंभर रुपयांचा नारळ निमूटपणे घेणारा शहरवासी एवढ्याने रुसणार नाही.

व्याजावर जगणारा माणूस गरीब असला तरी सुरक्षित असतो. मुद्दल खाणारा श्रीमंत दिसला तरी त्याचे दिवस मोजलेले असतात. दिवेआगरचे मुद्दल देवळातल्या तिजोरीत मावणारे नाही. ते बाहेर, वाऱ्यावर उभे आहे आणि त्यावर पहारा मात्र कोणाचाच नाही.