गांजा : शिक्षा ठरते वजनावर
प्रतिनिधी

खिशात सापडलेली गांजाची पुडी ही किरकोळ बाब असून दंड भरला की सुटका होते, असा समज तरुणांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात अमली पदार्थविरोधी कायदा, अर्थात 'एनडीपीएस' कायदा, एक ग्रॅम गांजालाही सूट देत नाही. किती गांजा सापडला, यावर शिक्षा किती हे ठरते. गुन्हा मात्र घडलेलाच असतो.

१९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजाचा पारंपरिक वापर थांबवण्यासाठी भारताला २५ वर्षांची मुदत होती. ती संपत आली असताना १९८५ मध्ये हा कायदा झाला. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ. हे दोन्ही निषिद्ध आहेत. शेंड्यांविना असलेली पाने व बिया या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच भांगेचे नियमन राज्यांच्या कायद्यांकडे राहिले.

तीन पायऱ्या

२००१च्या दुरुस्तीने शिक्षेची वजनानुसार विभागणी झाली. गांजा एक किलोपेक्षा कमी आणि चरस १०० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ते 'अल्प प्रमाण' ठरते. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१४ पूर्वी ही कैद सहा महिन्यांपर्यंत होती. गांजा २० किलोपेक्षा आणि चरस एक किलोपेक्षा जास्त झाला की 'व्यावसायिक प्रमाण' सुरू होते. तेथे किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड आहे. या दोहोंच्या मधल्या प्रमाणासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केवळ सेवन केल्याबद्दलही कलम २७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जामिनाची अडचण

व्यावसायिक प्रमाणाच्या प्रकरणात आरोपी दोषी नसावा, असे मानण्यास वाजवी कारण असल्याचे न्यायालयाला पटल्याशिवाय कलम ३७ नुसार जामीन मिळत नाही. जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, याचीही खात्री पटावी लागते. अल्प प्रमाणाला ही अट लागू नसली, तरी या कायद्याखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे अशा आरोपीलाही जामिनासाठी न्यायालयातच जावे लागते.

आपल्या घरात वा वाहनात असा गुन्हा जाणीवपूर्वक घडू देणाराही कलम २५ नुसार तितकाच दोषी ठरतो. मित्रांच्या पार्टीसाठी घर उघडून देणाऱ्याने हे ध्यानात घेतलेले बरे. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरील बंदी उठवली आणि २०२५ मध्ये पुन्हा निर्बंध घातले. परंतु तेथून सामानात गांजा आणल्यास येथे आयातीचा गुन्हा दाखल होतो.

आरोपीचे हक्क

अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याची मागणी करण्याचा हक्क कलम ५० देते आणि तो सांगणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हातातील पिशवीच्या झडतीला मात्र हे संरक्षण नाही. तपास अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते कलम ६४अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार झाली, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यासाठी ही वाट मोकळी ठेवली आहे. मात्र ती अनेक कुटुंबांना वेळेवर ठाऊक नसते.