उष्टी काढणाऱ्या पेशी

कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना अर्धशिशी होती. डोकं ठणकायच्या आधी त्यांच्या नजरेत एक आंधळा ठिपका उमटे आणि मोठा होत होत एका बाजूला सरके. दुसरा कुणी अंधार करून पडून राहिला असता. लॅशली मात्र कागद घेऊन ठिपक्याची कड रेखाटत बसत, शेजारी वेळ टिपून. १९४१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला : मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकत असावं.

तीन वर्षांनी अरिस्तिदेस लेआँव हे तरुण ब्राझिली संशोधक हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर फेफऱ्याचा अभ्यास करत होते. अपेक्षा विजेच्या वादळाची होती, दिसली शांतता. डिवचलेल्या जागेपासून विद्युतक्रिया मालवत गेली, आणि मालवण्याची ती लाट मिनिटाला काही मिलिमीटर अशी पसरत राहिली. वेग जवळपास लॅशलींच्या ठिपक्याचाच. चेतासंदेश सेकंदाला कित्येक मीटर धावतो. ही चाल त्याची नव्हे. ही कशाच्या तरी झिरपण्याची चाल. हे ‘कशाच्या तरी’ म्हणजे पोटॅशियम असावं, असं बर्निस ग्राफस्टाइन यांनी १९५६ मध्ये सुचवलं.

पोटॅशियम म्हटलं की आपल्याला शहाळं आणि केळं आठवतं. मेंदूत मात्र ते कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. चेतापेशीच्या आत लिटरला साधारण १४० मिलिमोल, बाहेरच्या द्रवात जेमतेम ३. प्रत्येक संदेशागणिक सोडियम आत शिरतं आणि थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. दोन पेशींमधली फट इतकी अरुंद की तेवढ्यानंही बाहेरचं प्रमाण वाढतं. ते वाढलं की शेजारच्या पेशी कारण नसताना चेकाळतात, त्याही पोटॅशियम सोडतात. फेफऱ्यात हे प्रमाण १० ते १२ पर्यंत चढतं. लेआँव यांच्या लाटेत ३० च्याही पुढे, आणि तिथे पेशी चेकाळून चेकाळून गप्पच होतात.

लग्नाची पंगत आठवा. एक पंगत उठली की उष्टी पानं उचलल्याखेरीज दुसरी बसत नाही. वाढप्यांचं कौतुक सगळे करतात, उष्टी काढणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मेंदूत बाहेर सांडलेलं पोटॅशियम उचलण्याचं हे काम तारकापेशींकडे असतं. त्या ग्लिआ पेशींचा एक प्रकार. ग्लिआ म्हणजे ग्रीकमध्ये सरस, चिकटवायचा. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो यांनी या पेशींना नाव ठेवलं, आणि ते नावं ठेवल्यासारखंच झालं : पुढची शंभर वर्षं त्यांच्याकडे निव्वळ भरताड म्हणून पाहिलं गेलं.

१९६६ मध्ये ऑर्कंड, निकोल्स आणि कफलर यांनी मडपपी या पाणसरड्यासारख्या उभयचराच्या दृष्टिचेतेत ग्लिआ पेशींचा विद्युतदाब मोजला. चेतातंतू उद्दीपित केले की ग्लिआचा दाबही सावकाश बदले, बाहेरच्या पोटॅशियमचं प्रमाण दाखवणाऱ्या मापकासारखा. त्यावरून कल्पना निघाली : जिथे गर्दी तिथे पोटॅशियम आत घ्यायचं आणि जिथे विरळ तिथे सोडायचं. तारकापेशी एकमेकींना सूक्ष्म जोडमार्गांनी जोडलेल्या असल्यामुळे हा भार वाटला जातो.

यासाठीचं दार म्हणजे ‘किर ४.१’ नावाचं पोटॅशियम चॅनेल. चार प्रथिनं मिळून बनलेलं, पेशी निवांत असतानाही उघडं, आणि पोटॅशियमला बाहेर जाण्यापेक्षा आत येणं सोपं करणारं. अर्थात सगळं श्रेय त्याला देणं बरोबर नाही. सोडियम-पोटॅशियम पंपही मोठा वाटा उचलतो आणि कुणाचा किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण दार नसेल तर काय होतं, हे २००७ मध्ये दिसलं. उंदरांच्या फक्त ग्लिआ पेशींमधून हे चॅनेल काढून टाकलं, चेतापेशींना हात लावला नाही. तरी उंदरांना झटके आले, तोल गेला आणि ते अकाली मेले.

माणसांतला पुरावा २००९ मध्ये आला. तान्हेपणीच फेफरं, डुगडुगती चाल, बहिरेपणा आणि लघवीवाटे मीठ वाहून जाणं, अशी विचित्र चौकडी असलेल्या मुलांत ‘किर ४.१’च्या जनुकात बिघाड सापडला. हेच चॅनेल कानाच्या आतल्या भागात आणि मूत्रपिंडातही काम करतं. मला या सगळ्या कहाणीत हे सर्वांत विलक्षण वाटतं : मेंदू, कान, मूत्रपिंड अशा तीन वेगळ्या डॉक्टरांकडे नेणारी लक्षणं, आणि मुळाशी एकच दार.

मग हे चॅनेल जितकं जास्त तितकं चांगलं का? नाही. जेवणारा अजून जेवतोय आणि पान उचललं, तर तेही वाईटच. चीनमधल्या च-च्यांग विद्यापीठात हू हायलान यांच्या गटानं नैराश्यासारखी लक्षणं असलेल्या उंदरांचा मेंदू तपासला. हॅबेन्युला या इवल्याशा भागात, निराशेशी नातं सांगणाऱ्या त्या केंद्रात, तारकापेशींवर ‘किर ४.१’ नेहमीपेक्षा जास्त होतं. पोटॅशियम गरजेपेक्षा अधिक उपसलं जाई आणि त्यामुळे तिथल्या चेतापेशी झुबक्या-झुबक्यांनी संदेश सोडू लागत. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. संशोधकांनी चॅनेलचं काम रोखलं, तेव्हा पाण्यात सोडल्यावर लवकर हार मानणारे हे उंदीर जास्त वेळ हातपाय मारू लागले, आणि साध्या पाण्यापेक्षा साखरेचं पाणी त्यांना पुन्हा गोड लागू लागलं.