पंगतीत कोण बसणार?

‘क्लब’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साहेब, सिगार आणि काटेचमचे उभे राहतात. मी पहिला क्लब पाहिला तो मात्र इंदापूर तालुक्यात, पळसदेवजवळ, माझ्या मामांच्या शेतात. तिथे काटेचमचे नव्हते, होता हुरडा!

दर पौषात बारामतीहून मामांची मित्रमंडळी येत. एक वकील, एक डॉक्टर, एक अडत्या, दोन मास्तर. सगळे पुरुष. बायकांची आणि आम्हां पोरांची पाटी निराळी. गोवऱ्यांची आगटी फुलली की शाळूची कोवळी कणसे तीत खुपसली जात, आणि गरम दाणे गूळ, लसणाची चटणी नि दह्याबरोबर फस्त होत. नवा पाहुणा आणायचा तर आधी मामांना विचारावे लागे. नियम लिहिलेले नव्हते, म्हणूनच ते फार कडक होते.

लंडनला तरी निराळे काय होते? १७६४ साली डॉक्टर जॉन्सन आणि चित्रकार रेनॉल्ड्स यांनी सोहोमधल्या ‘टर्क्स हेड’ या खानावळीत नऊ जणांचे मंडळ जमवले. नाव साधेच, ‘द क्लब’. आठवड्यातून एकदा जमायचे, जेवायचे आणि मनसोक्त वाद घालायचा. नव्या सभासदासाठी गुप्त मतदान. एकच मत विरुद्ध पडले की गृहस्थ बाहेर! मुंबईत १८३३ साली भायखळा क्लब निघाला, तो गोऱ्यांपुरता. पानात काय वाढायचे यापेक्षा पानावर कोणाला बसू द्यायचे नाही, याचीच काळजी अधिक.

याच्या अगदी उलटे मंडळ आपल्या लोकांनी काढले, हे वाचून नवल वाटेल. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडायचा, म्हणून सभासद होताना परधर्मीयाने भाजलेला पाव खायचा! पण सारे गुपचूप, दारे लावून. १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटण्याची धास्ती पसरली आणि सभा मोडली. पाव खाण्याचे धैर्य होते. तो खाल्ल्याचे सांगण्याचे नव्हते. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहाने केवढे ग्रामण्य माजवले! टिळक-रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली.

मामांच्या आगटीलाही असाच एक प्रसंग ठाऊक आहे. साल १९६२. कणसे भाजून, चोळून, पाखडून देणारा सालगडी सकाळपासून धुरात बसला होता. मी विचारले, “मामा, हा कधी खाणार?”

“मागाहून खाईल. तू खा.”

मागाहून तो बांधावर, पाठमोरा बसून खाई, हे मी दरवर्षी पाहत होतो. त्या दिवशी डॉक्टर उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याच्याच तळहातावरचे दाणे उचलून तोंडात टाकले. “आता तुम्ही घ्या,” म्हणाले. कोणी काही बोलले नाही. फक्त पुढच्या पौषात मंडळींत दोघे कमी होते. मामांनी त्यांना पुन्हा बोलावणे धाडले नाही, आणि सालगड्याचे पोते आगटीजवळ आले, ते तिथेच राहिले.

ते शेत आता उजनीच्या पाण्याखाली आहे. १९८० साली धरण झाले नि आगटीची जागाही बुडाली. हुरडा मात्र बुडाला नाही. २००५ च्या सुमारास बारामती परिसरात कृषिपर्यटन सुरू झाले, आणि आता शहरातली कुटुंबेच्या कुटुंबे पैसे मोजून आगटीभोवती बसतात. बायका बसतात, पोरे बसतात, कोणी कोणाची जात विचारत नाही. मला त्याचा आनंद वाटतो.

तरी पहिला घास घेण्याआधी माझी नजर धुराकडे वळते. भाजणाऱ्याला मी विचारतो, “बाबा, तुम्ही खाल्लंत का?” बहुतेक वेळा उत्तर येते, “मागनं खातो की!”

मग मी थोडा सरकून बसतो.